पिंजऱ्याचे वजन

"मामा, आधी बाहेर या. तुमचं वजन भंगारात धरलं तर मी बुडालो," शेठ गल्ल्यावरून म्हणाला.

हमालांनी लिफ्टचा जुना पिंजरा टेम्पोतून उतरवून काट्यावर ठेवला होता. आत राहिलेला फडका घ्यायला म्हणून लिफ्टमामा शिरले, आणि शिरता शिरता सवयीने त्यांनी जाळीचा दरवाजा ओढून घेतला. उभी हयात एका इमारतीची लिफ्ट वर-खाली करण्यात गेलेली; दरवाजा उघडा ठेवून आत उभे राहायचे म्हणजे त्यांना अंगावर सदरा नसल्यासारखे वाटे. हमाल हसले. मामाही हसले. चिडले असते तर शेठने गंजापोटी आणखी घट धरली असती.

भंगाराचा जोडधंदा मामांचा जुनाच. पगारात घर चाले, पण पुढे सरकत नसे. म्हणून रहिवासी लिफ्टमधून जे टाकायला नेत त्यावर मामांचा डोळा असे. गळका नळ, जळका पंखा, वाकडी पक्कड. "टाकताय होय? राहू द्या इथंच," हे ते असे काही तोंड पाडून म्हणत, की देणाऱ्यालाच ओशाळल्यासारखे व्हावे. मग खिशातले लोहचुंबक निघे. चिकटले तर लोखंड. नाही चिकटले की मामांची कळी खुले. पितळी नळातला लोखंडी स्क्रू काढल्याखेरीज त्यांनी नळ कधी विकला नाही. मिसळ मालाला भाव लोखंडाचाच मिळतो.

हे सारे नाक्यावरच्या एका गाळ्यासाठी. तिथे किल्ल्या बनवायचे दुकान टाकायचे होते. लिफ्टचे काय, दोन-चार वर्षे काढायची, असे त्यांनी लग्नानंतर बायकोला सांगितले होते. बायको ते वाक्य अधूनमधून चहाबरोबर परत करी. अनामत जमत आली की थोरलीचे बाळंतपण निघे, नाहीतर सासऱ्यांचे डोळे, नाहीतर छपराचे पत्रे. गाळ्याला कसली घाई नव्हती.

यंदा सोसायटीने बटणांची लिफ्ट आणली. सेक्रेटरींनी मामांच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हाच मामांनी ओळखले की हातात काही पडणार नाही. सोसायटीकडे रोख नाही, पण जुनी लिफ्ट तुम्हालाच देऊन टाकू, असे ठरले होते.

"घ्या," बायको म्हणाली होती. "एवढं लोखंड एका वेळी कधी मिळालंय? आता तरी सुटा त्यातून."

मामांनी मनातल्या मनात लिफ्ट तोलली. अनामत भरून वर थोडे उरत होते.

आता ते खाली उतरले आणि त्यांनी काट्याकडे पाहिले. आकडा त्यांनी मनात तोलला होता त्याच्या निम्माही नव्हता. शेठने पिंजऱ्यावर टिचकी मारली.

"हे सगळं लाकूड आणि पत्रा, मामा. खरं लोखंड दोराच्या दुसऱ्या टोकाला असतं. पिंजरा वर गेला की खाली येतं, ते वजन. ते कुठंय?"

ते नव्या लिफ्टवाल्यांनी भिंतीपलीकडे, होते तिथेच ठेवून घेतले होते.

"जन्मभर आत होतात ना?"

"आतून ते दिसत नाही," मामा म्हणाले.

शेठ माणूस वाईट नव्हता. फुकट काही सोडत नव्हता, इतकेच. पिंजऱ्याभोवती एक फेरी मारून तो म्हणाला, की हा काही फोडायचा नाही, काट्याशेजारी केबिन म्हणून छान बसेल. आत चुंबक घेऊन बसणारा एक माणूसही हवाच आहे. पगार सोसायटीएवढा. स्टूल मामांनी आपलेच आणावे.

"कायमचं नाही हो," शेठ म्हणाला. "गाळ्याचं जमेपर्यंत. दोन-चार वर्षं."

पहिल्या दिवशी दुपारी बायको डबा घेऊन आली. मामांनी उठून जाळी सरकवली. ती आत आली, चारी बाजूंनी पाहू लागली. लिफ्ट रहिवाशांची होती. ती कधी तीत चढली नव्हती.

"एवढीशीच होती?"

"एवढीच."

मामांनी सवयीने दरवाजा ओढून घेतला. डावा हात वर गेला आणि लिफ्ट चालवायच्या दांड्याच्या जागी उरलेल्या चार भोकांवर थांबला. दोघेही दाराकडे तोंड करून, लिफ्टमध्ये माणसे उभी राहतात तशी उभी राहिली.