तिसरा ग्लास

"आबांचं नाक म्हणजे नाक!" असं बागेतली सगळी माणसं म्हणायची. आबा म्हणजे माझे वडील. चाळीस वर्षं ते याच द्राक्षबागेत राबले आणि कोपऱ्यातली पांढऱ्या द्राक्षांची एक ओळ त्यांनी जिवापाड जपली. तसली वेल आता दुसरीकडे कुठे उरलेली नाही म्हणे. मालकाला तिचं काडीचं कौतुक नव्हतं. "वेगळी आहे म्हणता ना, मग ओळखून दाखवा," तो म्हणाला. "तीन ग्लास. एकात तुमच्या ओळीची वाइन, दोनात साधी. ओळखलीत तर ओळ राहील. नाहीतर सोमवारी उपटायची."

आबा लगेच हो म्हणाले. मला मात्र त्यांच्या नाकाची खात्री उरली नव्हती. हिवाळ्यात आबांना आलेल्या तापानंतर एकदा दूध करपून घरभर वास सुटला होता आणि हे शेगडीशेजारी निवांत पेपर वाचत बसले होते. मी विचारलं, तर माझ्यावरच डाफरले.

तळघरात ग्लास मीच भरले. त्यांची वाइन तिसऱ्यात. मालक समोर हाताची घडी घालून उभा. आबांनी पहिला हुंगला, घोट घोळवून थुंकला. मग दुसरा. तिसरा नाकाशी नेला तशी मी खोकले. लबाडी? हो, लबाडीच. मला जराही लाज वाटली नाही.

"पडसं झालंय तर बाहेर जा," आबा म्हणाले आणि पहिल्या ग्लासवर बोट ठेवलं.

मालकाने घड्याळ बघितलं आणि तो जिना चढून गेला.

माझा तोल सुटला. "मी का खोकले, कळलं नाही तुम्हाला?"

"कळलं की."

"मग? एकदा खोटं बोलला असतात तर आभाळ कोसळणार होतं का?"

"अगं, तिन्ही नुसतं पाणी लागलं मला." ते स्टुलावर टेकले. "वाटलं होतं, बाकी सगळं गेलं तरी हिला ओळखीन. नाही ओळखलं. मग कुठल्या तोंडाने सांगू, ही माझी म्हणून?"

घाला चुलीत तो खरेपणा, असं ओरडावंसं वाटलं मला. रडूच आलं.

थोड्या वेळाने त्यांनी तिसरा ग्लास माझ्यापुढे सरकवला. "तू सांग. कसा येतोय वास?"

कच्च्या पेरूची साल, ओली पाटी, शेवटी जरासा मध. लहानपणी त्यांनीच शिकवलेलं मी त्यांना सांगत गेले. लांबून आलेल्या माणसाकडून घरची खुशाली ऐकावी, तसे ते मान हलवत ऐकत होते.

"आणखी?" ते म्हणाले.

आणखी मला काही ओळखता येईना.