मोजा ओढायची सवय

शहरात बायकांचा फुटबॉल जिने सुरू केला ती माझी ताई. हे मला सगळे सांगतात. केस कापणारी सांगते, घरमालक सांगतो. दातांच्या डॉक्टरने तर माझ्या तोंडात हत्यार घालून सांगितलं, म्हणजे उलट बोलायचीही सोय नाही.

तिच्या त्या पहिल्या संघात गोलकीपर मी होते. हे कोणी सांगत नाही. आईच्या भिंतीवर ताईचा फोटो आहे, त्यात मागे माझा एक ग्लोव्ह दिसतो.

पुढे ताई पुरुषांच्या क्लबची कोच झाली. पहिली बाई. पुन्हा पहिलीच. मी त्यांच्या प्रतिस्पर्धी क्लबात गोलकीपर तयार करते. मला तिला एकदा हरवायचं होतं. एकदाच, पण सगळ्यांसमोर.

आणि कसं, तेही मला ठाऊक होतं. पेनल्टी मारण्याआधी ताई खाली वाकून एक मोजा वर ओढायची. ज्या पायाचा मोजा, त्याच बाजूला बॉल. लहानपणी अंगणात तिच्यासमोर उभी राहून राहून मी हे हेरलं होतं. तिचे बॉल अडवायची ती फक्त मीच. आयुष्यभर मी त्या एका गोष्टीवर मान ताठ ठेवली.

आता तिच्या क्लबातली पोरं तिच्यासारखीच पेनल्टी मारतात. बॉल ठेवणं, मागे सरणं, सगळं बाईंसारखं. भक्ती एवढी की मोजाही ओढतात.

यंदा त्यांची-आमची फायनल बरोबरीत सुटली, पेनल्टीवर आली. आमच्या गोलकीपरला सगळे खांब म्हणतात. मी खांबाच्या कानात सांगितलं, बॉलकडे बघू नकोस, मोज्याकडे बघ. खांब डावीकडे झेपावला, उजवीकडे झेपावला, आणि आम्ही जिंकलो.

मैदानावर सगळे पत्रकार ताईभोवती. बाई, हरलात कशा? कोणी जिंकवलं, ते विचारायला माझ्याकडे एक कुत्रं फिरकलं नाही.

शेवटी मीच तिला ड्रेसिंग रूमबाहेर गाठलं. ती बाकावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होती.

"मोजा," मी म्हणाले. "तुझ्या पोरांना कुठून लागली ती खोड, माहितीये?"

ताई हसली. तिला राग आला असता तर मी आयुष्यभर सुखाने झोपले असते.

"खांब उडाला तेव्हा आठवलं गं. मी तर विसरूनच गेले होते. तू लहान होतीस, एकही बॉल अडवता यायचा नाही, रडत घरात जायचीस. मग मला खेळायला कोण? म्हणून मोजा ओढून दाखवायचे, इकडे मारतेय म्हणून. मग सवयच लागली."

आतून खांब मला हाका मारत होता, कपासोबत फोटो काढायला.

"जा ना," ताई म्हणाली. "या वेळी पुढे उभी राहा."

हेही तिनेच सांगायचं.

मी गेले आणि सगळ्यात मागे उभी राहिले.