तुटायची गाठ

डोंग्यात दोन वल्ही होती, चार जाळी, पाणी उपसायचा डबा, तीस हात नायलॉनचा दोर आणि साडेचार किलोचा एक लंगर. पोळ्याच्या आधी लंगर तीन होते. दोन धरणाच्या तळाशी राहिले.

धरण भरण्यापूर्वी तिथं रान होतं. झाडं तोडून नेली, खुंट तसेच राहिले, आणि मासा त्या खुंटांच्या आडोशालाच सापडतो. म्हणून गावातले ढिवर अजूनही पाण्यातली जागा झाडाच्या नावानं सांगत. गोकुळाचा वाटा मोहापाशी होता. तिथं जाळं उचलताना डोंगा वाऱ्यानं सरकू नये म्हणून लंगर टाकावा लागे, आणि लंगराच्या चार नख्यांपैकी एखादी हमखास मुळांत अडके. सुरेंद्र होता तोवर नवरा-बायको मिळून ओढून काढत. आता तो बल्लारपूरला खाणीत ठेक्यावर लागला होता आणि डोंग्यात गोकुळा एकटी होती.

"हा तिसरा गेला तर डोंगा मुखरूले देऊ," सासरे सोमाजी म्हणाले. "त्याच्या घरी दोघं भाऊ हायेत ओढाले. तू धान कापाले जाय."

कापणी गोकुळानं लग्नाआधी खूप केली होती. दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत दिवसभर वाकायचं. मोहापाशी तिला कोणी वाक म्हणत नव्हतं.

मुखरू तिचा चुलतदीर. त्यानंच एक युक्ती सांगितली. "लंगर कायले, दगड बांधा. निघताना दोर कापा."

"रोज एक दगड? असानं धरण बुजंल भाऊजी."

तरी तिनं करून पाहिलं. दगड वाऱ्यासरशी घसरत गेला. मग तिनं लंगराच्या शेपटीला, चारही नख्या जुळतात तिथं, दुसरा बारीक दोर बांधला आणि वर रिकामी कॅन तरंगत ठेवली. लंगर त्या दोरानं सहज निघाला, पण दोर जाळ्यात असा गुंतला की सोडवता सोडवता ऊन डोक्यावर आलं. तेही बाद.

उत्तर सापडलं ते एका मरळीच्या तोंडात. कोणाचा तरी तुटलेला गळ रुतला होता. ओढला की आणखी रुते. गोकुळानं तो आल्या वाटेनं मागं ढकलला आणि अलगद सुटला. तो गळ तिनं लंगराच्या नखीशेजारी धरून पाहिला.

घरी येऊन तिनं लंगराच्या डोक्यावरच्या कडीचा दोर सोडला आणि शेपटीला बांधला. मग तोच दोर दांड्याच्या कडेनं वर आणून कडीला नुसत्या सुती धाग्यानं अडकवला.

"हे काय करून राह्यली?" सोमाजींनी विचारलं.

"धागा हाये तोवर ओढ डोक्याकडून लागंल, लंगर धरून राहील. अडकला का मी जोरानं ओढीन. धागा तुटंल, ओढ शेपटीकडून लागंल, गळावानी मागं निघंल."

"म्हणजे तुटासाठी गाठ बांधाची?"

"हो मामाजी."

सोमाजींनी जन्मभर जाळी विणली होती. त्यांच्या हातची गाठ सुटल्याचं कोणी ऐकलं नव्हतं.

प्रश्न उरला धाग्याचा. गोकुळानं सोसायटीतून मासे तोलायचा आकड्याचा काटा मागून आणला. दुपारच्या वाऱ्यात डोंगा आणि दोर यांच्यामध्ये तो अडकवला. वारा सहा किलोच्या वर ओढत नव्हता. मग काठाच्या झाडाला दोर बांधून, डोंग्यात बसून तिनं स्वतः ओढून पाहिलं. विसाला डोंग्याची कड पाण्याला टेकली. धागा या दोहोंच्या मध्ये तुटायला हवा होता. जुन्या जाळ्याचा एकपदरी धागा तीनदा ताणला. एकदा बाराला तुटला, दोनदा तेराला. तोच तिनं कडीला बांधला.

दुसऱ्या सकाळी मोहापाशी लंगर अडकला. गोकुळानं ओढलं. धागा तुटला नाही. पुन्हा ओढलं तेव्हा पाणी कडेवरून आत आलं. तिनं दोराच्या टोकाला कॅन बांधली, ती पाण्यावर सोडली आणि घरी परतली.

"मामाजी, धागा तुटला नाई."

सोमाजींनी ताटातला हात थांबवला. "तुटंल कसा? मी काल तो तिपदरी केला. पक्का व्हावा म्हणून बेहड्याच्या सालीच्या काढ्यात बुडवला. तुही गाठ मले कच्ची दिसली."

"कच्चीच पाह्यजे होती ना."

"एकपदरी गाठ आपल्या घरी कोणी मारत नाई, बाई."

रागवावं की हसावं हे गोकुळाला कळेना. शेवटी हसूच आलं. सोमाजी उरलेला भात तसाच ठेवून उठले आणि मुखरूला हाक मारायला गेले.

दोन डोंगे एकमेकांना बांधून तिघांनी दोर ओढला. तिपदरी धागा तुटला आणि लंगर शेपटीकडून वर आला. एका नखीवर मोहाची काळी साल होती.

"निघाला बा," मुखरू म्हणाला. "पण तिघं लागले, वहिनी. रोज मले बोलावसान का?"

"एकपदरी बांधू द्या, मग बोला."

"मी बांधतो," सोमाजी म्हणाले. त्यांनी गाठ मारली. बोटं सवयीनं दुसरा वेढा घेऊ लागली. त्यांनी तो सोडला. पुन्हा घेतला, पुन्हा सोडला. मग हात मांडीखाली दाबून धरले आणि म्हणाले, "ने इथून लवकर."

मुखरू आणि सोमाजी दुसऱ्या डोंग्यात बसून बाजूला झाले. गोकुळानं त्याच खुंटावर लंगर टाकला, अडकेपर्यंत ओढत नेला आणि दोराला काटा लावला.

"भरोसा हाये का?" मुखरूनं विचारलं.

"काटा सांगंल."

तिनं ओढलं. काटा नऊवर गेला, अकरावर गेला. डोंग्याची कड पाण्यापासून चार बोटं वर होती. तेरावर धागा तुटला. दोर हाताखाली सैल झाला आणि ती तो वर घेत राहिली. लंगर पाण्याबाहेर आला तेव्हा तिनं तो तसाच काट्याला लटकवला.

साडेचार किलो.