नव्वदची मर्यादा

"पुसून टाक," ओतासिलियो म्हणाला आणि त्यानं इंजिनाचा कंट्रोल बॉक्स दिर्लेईच्या टेबलावर ठेवला. "कारखान्यातून आला होता तसा कर. पोलिसांचा तपासनीस यायच्या आत परत बसवायचाय. क्रेनवाला आपलाच आहे."

बॉक्सवरचा चिखल अजून ओला होता. कोणत्या बसचा, हे दिर्लेईनं विचारलं नाही. ओतासिलियोची बस आदल्या दिवशी घाटात कठडा तोडून दरीत गेली होती. जत्रेहून परतणारी अकरा माणसं गेली. ड्रायव्हर वाल्मोर वाचला, पण पाय गमावून.

लाजेस गावात बस-ट्रकच्या इंजिनांचा प्रोग्राम उघडून बदलणारा दिर्लेई एकटाच. कारखान्यानं घातलेली ताशी नव्वदची मर्यादा त्यानंच या बॉक्समधून काढली होती, ओतासिलियोच्या सांगण्यावरून. वाल्मोर तेव्हा इथंच उभा होता. "मालक, त्या घाटात नव्वदसुद्धा जास्त आहेत. राहू द्या," तो म्हणाला होता. "मग घरी बस. ड्रायव्हर काय, छप्पन्न मिळतात," मालकानं सुनावलं होतं. वाल्मोर बाहेर गेला. दिर्लेईनं काम पुरं केलं.

"माझं नाव आलं तर तुझंही येईल," ओतासिलियो आता म्हणाला. "मुलगी लहान आहे ना रे तुझी?"

दिर्लेईनं वायरी जोडल्या. मूळ प्रोग्राम बॉक्समध्ये भरला. ओतासिलियो ते काम संपेपर्यंत खुर्चीवरून हलला नाही.

संध्याकाळी दिर्लेई इस्पितळात गेला. वाल्मोर त्याच्या मुलीचा बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मपिता. दाराशी पोलीस होता. वाल्मोरची बायको नेउझा उशाशी बसली होती.

"या भाऊजी," ती म्हणाली. "बघा, काय म्हणतायत ते. ह्यांनी म्हणे डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडली!"

"गियरमध्ये होती रे," वाल्मोर म्हणाला. त्याचा आवाज खरवडल्यासारखा झाला होता. "जोरात होतो, ते मी नाकारत नाही. उशीर झाला की पगार कापायचा तो. पण मालक सांगतोय, आमच्या गाडीला नव्वदचं कुलूप आहे, न्यूट्रलमध्ये टाकल्याशिवाय ती नव्वदच्या पुढं जाणारच नाही." तो थांबला. "बॉक्स उघडला की कळेलच म्हणा त्यांना. तुला तर ठाऊकच आहे."

दिर्लेईनं मान हलवली. नेउझानं पुढं केलेलं संत्रं त्यानं घेतलं आणि न सोलता तसंच हातात धरून बसून राहिला.

तिथून तो थेट पोलीस ठाण्यात गेला. तपास करणाऱ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"बॉक्समध्ये तर कारखान्याचाच प्रोग्राम आहे. आम्ही दुपारीच पाहिला."

"तो मी आज सकाळी भरला. किती वेळा लिहिलं गेलं, हे बॉक्स मोजत असतो, बाई. ते पुसता येत नाही. पुन्हा उघडा."

"हे तुम्ही केलंत, असं लिहून घेऊ?"

"दोन्ही वेळा मीच केलं. घ्या लिहून."

वाल्मोरवरचा न्यूट्रलचा आरोप गेला, वेगाचा राहिला. शिक्षा कमी झाली, ती त्यानं घरीच, कुबड्यांवर काढली. ओतासिलियोच्या वकिलांनी सांगितलं, ड्रायव्हर आणि मेकॅनिक दोघं जुने दोस्त, मालकाला अंधारात ठेवून त्यांनीच हे केलं. ते कोर्टाला पटलं. ओतासिलियोच्या बसना नवा रंग लागला, नवं नाव लागलं, आणि त्या पुन्हा घाटातून धावू लागल्या. दिर्लेईला मात्र तुरुंग झाला.

पहिल्याच हिवाळ्यात तो आवारात वॉर्डनची पिकअप धूत होता. पाणी बर्फासारखं होतं. बोटं लाल झाली होती. वॉर्डन शेजारी येऊन उभा राहिला.

"दिर्लेई, चढावर फार रडते रे ही. भर की थोडा दम तिच्यात. लॅपटॉप आणून देतो. आणि उद्यापासून तुला भटारखान्यात टाकतो. चुलीशी ऊब असते."

दिर्लेईनं फडकं पिळलं.

"ते काम मला येत नाही, साहेब," तो म्हणाला, आणि मागच्या चाकाशी उकिडवा बसून चिखल काढू लागला.