हद्दीवरचा मुलामुला

मित्रांनो, मी एक जुना मुलामुला, म्हणजे हद्दीचं झाड आहे. फळ नाही, सावली नाही. लांब हिरवी पानं आणि काठीसारखं खोड, एवढाच माझा थाट. पण आमच्या कंपाला शहरात जमिनीची हद्द दाखवायची तर मलाच लावतात. भिंत पडते, कागद वाळवी खाते, मी आपला उभाच! थोडी बढाई मारतो, चालवून घ्या.

टेकडीच्या उतारावर सगळ्यांसाठी बाग झाली तेव्हा नांतुमे नावाच्या माळीणबाईंनी मला आणि माझ्या भावंडांना रांगेने रोवलं. दोन्हीकडचे शेजारी साक्षीला उभे होते. साक्षीवाचून हद्द लावायची इथे रीत नाही. बाई तेव्हा तरण्याताठ्या होत्या. पुढे त्यांना जुळं झालं आणि सगळे त्यांना मानाने नालोंगो, म्हणजे जुळ्यांची आई, म्हणू लागले.

वर्षानुवर्षं मी राखण केली. माझ्या आतल्या अंगाला फणस वाढले. लग्नाची वऱ्हाडं फोटो काढायला येऊ लागली. रविवारी भाजलेल्या केळ्यांचा वास सुटायचा. लोक म्हणत, "या हद्दीवरून कधी भांडण झालं नाही हो." हे ऐकून मला केवढा आनंद व्हायचा!

मग शहर फुगलं. बागेत राबणारे हात कमी झाले, प्लास्टिकच्या पिशव्या माझ्या बुडाशी साचल्या. नालोंगोही थकून घरी बसल्या. शेजारच्या प्लॉटच्या नव्या मालकाने, सेबुन्याने, हे बरोबर हेरलं. त्याला हॉटेल बांधायचं होतं. सणाच्या सुट्टीत त्याने बागेच्या साठ पावलं आत पत्र्याचं कुंपण ठोकलं, कडेने नवे मुलामुले लावले आणि मजुरांना म्हणाला, "आता जुने उपटा."

मजूर मागे सरले. "मालक, हद्दीचा मुलामुला उपटणाऱ्याचं घर नांदत नाही. तुम्हीच उपटा."

सेबुन्या पुढे झाला, थबकला. शेवटी त्याने ट्रकभर राडारोडा आमच्यावर ओतवला. "झाकलं म्हणजे काही उपटलं नाही," अशी स्वतःचीच समजूत काढत होता, लबाड!

मी गुदमरलो. घाबरलोही. साठ पावलं म्हणजे अर्धी बाग, सगळे फणस! पण आमच्या जातीचं खोड आडवं पडलं तरी कोंब धरतं. विटांच्या फटीतून मी हळूहळू वर आलो.

लोकांनी तक्रार केली, तेव्हा जमीन कचेरीच्या साहेबीणबाई पाहणीला आल्या. सेबुन्याने नवी रांग दाखवली. "माझ्या आजोबांच्या काळची हद्द आहे, मॅडम."

"हो का?" लेकाचा हात धरून आलेल्या नालोंगो म्हणाल्या. "आजोबांच्या काळची, आणि बुडाशी नर्सरीची काळी पिशवी अजून तशीच?"

हशा पिकला. नालोंगो राडारोड्यापाशी आल्या, काठीने विटा सारल्या आणि माझ्या पानांवरची धूळ हाताने पुसली. "हा बघा. हा मी लावलाय."

"ते रानातलं झुडूप आहे!" सेबुन्या ओरडला.

"रानातलं ना? मग उपट की, बाळा. सगळ्यांसमोर, तुझ्या हाताने."

सेबुन्याने माझं खोड धरलं. मित्रांनो, मी जीव मुठीत धरून होतो. त्याने एकदा मागे उभ्या मजुरांकडे बघितलं. मग त्याने मला सोडून दिलं.

"नाही उपटत, नालोंगो," तो खाली बघत म्हणाला.

आणि जमलेल्या बायकांनी जीभ हलवून 'लू-लू-लू' असा काही जल्लोष केला की फणसांवरचे पक्षी उडाले! साहेबीणबाईंनी तिथेच माझ्यापासून हद्द मोजली. मजुरांनी दुपारच्या आत पत्रे उतरवले. माझ्यावरचा राडारोडा तर सेबुन्यालाच उचलायला लावला.

मित्रांनो, तुमच्या गावातही एखादी बाग असेल. ती कुठून कुठवर आहे, एकदा पायी फिरून बघा आणि चारजणांना दाखवून ठेवा. जिची हद्द गावाला ठाऊक आहे, ती बाग कोणाच्या बापाला गिळता येत नाही!