भाजलेलं कार्ड

"माझ्या ओव्हनमध्ये? ज्यात मी बोरेक भाजते त्यात?" शेजारच्या ग्युल्तेनबाईंनी कमरेवर हात ठेवले. "रायमुंड, डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?"

"दहाच मिनिटं. माझा ओव्हन बंद पडलाय, नाहीतर आलो असतो का?"

त्याच्या हातातल्या ट्रेवर चंदेरी कागदाच्या चार गोळ्या होत्या आणि त्यांच्यावर कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड निजवलेलं होतं. पंखा, प्लास्टिक, सगळं काढून घेतल्यामुळे ते पिसं उपटलेल्या कोंबडीसारखं दिसत होतं. हे कार्ड नसेल तर पडद्यावर खेळाचं चित्रच उमटत नाही. खिशात पैसे असलेला माणूस मेलेलं कार्ड फेकतो आणि नवं आणतो. ज्याच्याकडे नसतात तो ते ओव्हनमध्ये घालतो, कारण उष्णतेने आतला तडकलेला डाख कधीकधी पुन्हा सांधला जातो. मग ते महिनाभर चालतं, कधी तासभर, आणि कधी नुसताच घाण वास सुटतो.

"नवीन घ्या की! एकसष्ट वर्षांचे झालात, आणि उकिरड्यावरची यंत्रं भाजत बसलायत."

"उकिरड्यावरचं नाही. फुटपाथवरचं."

यात त्याला खरोखर फरक वाटत असे. मोठ्या कचऱ्याचा दिवस आला की हेर्ने गावातले लोक नको झालेलं सामान दारासमोर काढून ठेवत आणि रायमुंड सायकलला हातगाडी जोडून निघे. त्याचा अख्खा कॉम्प्युटर असाच जमलेला होता. डबा एका दंतवैद्याच्या दारातला, पडदा एका शाळेचा, आणि हे कार्ड कुणा पोराने शिव्या घालत टाकून दिलेलं. इस्पितळाच्या तळघरात चादरींच्या गाड्या ढकलणाऱ्या माणसाला याहून वेगळं परवडणार तरी काय?

"मुलाला सांगा. डेन्मार्कात चांगला कमावतो ना?"

"त्याला वाटतं माझ्याकडे झकास मशीन आहे."

"आणि असं का वाटतं त्याला?"

"मीच सांगितलंय."

ग्युल्तेनबाईंनी खिडक्या सताड उघडल्या, चीज भरलेल्या बोरेकचं ताट उचलून बाहेरच्या खोलीत नेलं आणि ओव्हन तापवला. तोंडाचा पट्टा मात्र थांबला नाही. "आता हा ओव्हन घासून द्यायचा तुम्ही. आणि वास राहिला तर जन्मभर ऐकवीन." मग जरा थांबून म्हणाल्या, "आजच कशाला पण एवढी घाई?"

रायमुंडने ओव्हनच्या काचेतून नजर काढली नाही. "रविवार आहे. माझा हेनिंग मला काहीतरी दाखवणार आहे. हिवाळाभर करतोय म्हणाला. उद्या तो जहाजावर जातो, मग उन्हाळा संपेपर्यंत नाही."

हेनिंग समुद्रातल्या पवनचक्क्या दुरुस्त करायचा. फोनवर बोलायचं म्हटलं की बापलेकांची दातखीळ बसे. हो, ठीक, हवा बरी आहे, ठेवतो. पण दर रविवारी दुपारी दोघं एकाच खेळात शिरत, तिथल्या शेतात ट्रॅक्टर चालवत, आणि हात कामात गुंतले की हेनिंगची जीभ आपोआप सुटे. रायमुंडला शेतीत काडीचा रस नव्हता. त्याला हा आवाज हवा होता, आणि तेवढ्यासाठी तो खेळ सगळ्यात खालच्या सेटिंगवर, गवत, सावल्या आणि फुलं बंद करून, जेमतेम रेटत नेत असे. एका गोष्टीवर मात्र ते तिथेही बोलले नव्हते. बायको गिट्टा वारल्यावर रायमुंडने रेल्वेमार्गाच्या कडेची तिची बाग भाड्याने देणाऱ्या संस्थेला परत करून टाकली होती, मुलाला न विचारता. हेनिंग त्यावर एक अक्षर बोलला नव्हता.

घरी आणलेलं कार्ड थंड झालं, पंखा चढवून जागेवर बसलं, आणि रायमुंडने बटण दाबलं. पडदा उजळला. तो एकटाच टाळ्या वाजवून मोकळा झाला.

"पप्पा, आलास?" हेडफोनमध्ये हेनिंगचा आवाज. "घराच्या मागच्या बाजूला ये. फाटकापाशी थांब."

रायमुंड खेळातल्या घरामागे गेला. समोर एक झोपडी होती, हिरव्या दाराची. तिच्याभोवती नुसता सपाट तपकिरी पट्टा.

"दिसतंय?"

दार त्याने ओळखलं. ती गिट्टाची झोपडी होती. म्हणजे या तपकिरी पट्ट्यात तिची फुलं असणार, आणि त्याच्या कॉम्प्युटरने ती गाळून टाकली होती. हो रे, सुंदर, एवढं म्हणून वेळ मारून नेता आली असती. कार्डही टिकलं असतं. पण गिट्टाच्या बागेबद्दल खोटं बोलायला त्याचा जीव धजेना. त्याने सेटिंग उघडली आणि सगळं वर, अगदी वरपर्यंत नेलं.

पंखा किंचाळायला लागला. चित्र अडखळलं, आणि मातीतून डेलिया उठल्या. लाल, पिवळ्या, ताटाएवढ्या. घेवड्याच्या काठ्या, पावसाच्या पाण्याची टाकी, तिच्यावर उन्हाचा कवडसा. रायमुंडला हुंदका आवरला नाही.

तेवढ्यात रंगीत पट्टे आले आणि पडदा काळा पडला. हेडफोन मात्र चालूच होता.

"पप्पा? आवडली नाही का?"

"आवडली रे. घटकाभरच दिसली. कार्ड मेलं माझं."

"मेलं? तुझं तर नवं आहे ना?"

"नवं कुठलं! फुटपाथवरून उचललेलं. आज ग्युल्तेनबाईंच्या ओव्हनमध्ये भाजून आणलं होतं."

"इतकी वर्षं तू... पप्पा, मला सांगायचं ना! मी उद्याच पैसे—"

"ते राहू दे आता. बाग देऊन टाकली तेव्हा तुला विचारायला हवं होतं मी. चुकलं माझं." रायमुंडने डोळे पुसले. "तू मला सांग काय काय लावलंयस ते. फाटकापासून सुरू कर."

मग हेनिंगने घसा खाकरला.

"फाटकापाशी पिवळ्या डेलिया. मग घेवडा. टाकीजवळ लाल."

"लाल नाही. टाकीजवळ पांढऱ्या लावायची ती. लाल होत्या त्या झोपडीच्या दाराशी."

"नक्की?"

"पाणी मीच घालायचो रे."

"थांब मग, बदलतो."

रायमुंड काळ्या पडद्यासमोर बसून राहिला. हेडफोनमधून त्याच्या कानात खेळातल्या फावड्याचा आवाज येऊ लागला.