टपालपेटीची झेंडी

हार्लनने घरासमोरच्या टपालपेटीतून पाकीट काढलं आणि तिथेच रस्त्याकडेला उभं राहून खिशातल्या चाकूने फोडलं. पाकीट त्याच्या बायकोच्या, आयलीनच्या नावाचं होतं. आयलीनला पुरून तीन दिवस झाले होते.

काउंटीच्या निवडणूक कचेरीने कळवलं होतं, की तुमच्या टपाली मतपत्रिकेच्या पाकिटावरची सही नोंदीतल्या सहीशी जुळत नाही. शुक्रवारी पाचपर्यंत स्वतः येऊन सही आपलीच असल्याची खात्री पटवावी, नाहीतर मत बाद होईल. तो शुक्रवार उलटून गेला होता; आज सोमवार होता.

अर्धांगाचा झटका आल्यावर आयलीनने ती सही डाव्या हाताने केली होती. पाव तास लागला होता. हार्लन तिचा हात धरायला गेला, तर तिने त्याला कोपराने ढकललं होतं. त्यानंतर तिने काहीच लिहिलं नाही.

तो तसाच कचेरीत गेला. तिथली प्रमुख मार्जीन टॉली खिडकीपाशी आली.

"शुक्रवारी यायला हवं होतं, हार्लन."

"शुक्रवारी मी तिला पुरत होतो."

"वाईट वाटतं मला. पण नियम आहे."

पत्र दोन वर्षं फ्रिजच्या दारावर राहिलं. दूध काढताना तो ते रोज वाचत असे.

पुढच्या निवडणुकीला त्याने सह्या तपासायच्या कामासाठी नाव दिलं. प्रत्येक टेबलावर दोन्ही पक्षांचा एकेक माणूस. दोघांचं एकमत झालं तरच सही बाद. त्याच्यासमोर ओडेल बसला. आयुष्यभर न्हावीकाम केलेला, तोंड बंद न ठेवणारा.

"तुमच्या पक्षाची माणसं सहीसुद्धा तिरकी करतात बघ."

"तुमच्या निम्म्यांना ती येतच नाही," हार्लन म्हणाला.

मतदानाच्या दिवशी दुपारी ते पाकीट आलं. व्हर्ना टॉली, वय ब्याण्णव. मार्जीनची आई. संगणकाच्या पडद्यावरची जुनी सही गोल, ठसठशीत होती. पाकिटावर नुसती थरथरलेली रेघ. हार्लन याचीच वाट बघत होता. चर्चबाहेर त्याने म्हातारीचे हात नीट बघून ठेवले होते.

"जुळत नाही."

"अरे, आपली व्हर्ना म्हातारी आहे ती. हात हलतो तिचा. जाऊ दे."

"आयलीनचा तर एकच हात चालत होता, ओडेल."

ओडेलने चष्मा काढून पुसला. पुन्हा घातला. मग 'बाद'च्या रकान्यात सही केली.

मार्जीन ट्रे न्यायला आली. वरचं पाकीट बघून तिने पुढे केलेला हात मागे घेतला.

"घरच्यांच्या पाकिटाला मला हात लावता येत नाही. कळवायचं पत्र तुलाच टाकावं लागेल."

"घरी गेल्यावर तू आईला सांगशीलच."

"नाही सांगणार." ती जायला वळली आणि थांबली. "आयलीनचं पत्र माझ्या टेबलावर पडून राहिलं होतं. चार दिवस. मी विसरले होते."

"हे आज सांगतेस?"

"तेव्हा धीर झाला नाही."

तिने दुसरा ट्रे उचलला आणि ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी हार्लनने व्हर्नाच्या नावाचं पत्र आपल्या टपालपेटीत ठेवलं आणि झाकण लावलं. आज निघालं तर ते उद्या तिच्या दारात पोचणार होतं, शुक्रवारच्या मुदतीच्या एक दिवस आधी. त्याला स्वतःला आता टपाल येत नसे. पेटीत न्यायचं पत्र आहे असं सांगणारी लाल झेंडी वर दिसली तरच टपालवाली थांबायची, नाहीतर सरळ पुढे जायची.

वळणावर तिची गाडी दिसली. हार्लनचे दोन्ही हात कोटाच्या खिशात होते.

झेंडी वर करायची राहिली होती.